६व्ही६ गिटार अ‍ॅम्प: तक्त्यावरून टेबलापर्यंतच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

सर्किट ठरले: फेंडर चॅम्प ५एफ१ वर आधारलेला स्पीकर हलवणाऱ्या एका आउटपुट व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) अ‍ॅम्प. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात निघालेले हे सर्किट आजही पहिल्या बांधणीला सर्वांत सोयीचे आहे. व्हॉल्व्ह तीनच: पुढे १२एएक्स७ (म्हणजेच ईसीसी८३), आउटपुटला ६व्ही६जीटी आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३जीटी. बटण एकच, आवाजाचे. टोन कंट्रोल नाही, तो गिटारवर असतोच.

ईएल८४ या दुसऱ्या आउटपुट व्हॉल्व्हचा विचार झाला होता, कारण जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंमुळे तो आपल्याकडे जास्त सापडतो. पण त्याचे पिन जवळजवळ असतात आणि गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) जास्त, त्यामुळे नवख्या हाताची वायरिंग लगेच शीळ घालू लागते. ६व्ही६ त्या मानाने सोशीक. बेस ऑक्टल (आठ पिनांचा), पिन लांब लांब, डाख द्यायला जागा भरपूर.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेले सामान: १००के, १.५के, ६८के, १ मेग, २२०के, २२के, १०के हे रेझिस्टर (के म्हणजे हजार ओहम, मेग म्हणजे दहा लाख), ०.०२२ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर दोन. ४५० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक २२, २२ आणि १० मायक्रोफॅरड. १ मेग लॉग पॉट (आवाजाच्या बटणाचा बदलता रेझिस्टर). टॅग स्ट्रिप, फायबर वॉशर, ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. पॉटवर 'बी' असेल तर तो लिनिअर, घ्यायचा 'ए'. लिनिअर लावला तर पहिल्या दोन अंकांतच सगळा आवाज येतो आणि पुढचे बटण शोभेला राहते.

जुन्या बाजारात रेडिओतून काढलेले मेणकागदी कपॅसिटर स्वस्तात मिळत होते. ते घेतले नाहीत. कपलिंग कपॅसिटरमधून (एका टप्प्याकडून पुढच्याला फक्त सिग्नल देणाऱ्या) थोडा डीसी गळला तरी ६व्ही६ ची ग्रिड (करंट आवरणारी जाळी) पॉझिटिव्ह होते, करंट चढतो, प्लेट (करंट गोळा करणारा पत्रा) लाल होते आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. दहा रुपयांच्या बचतीपायी हजाराचा माल.

१३ ऑक्टोबर

वाइंडिंगच्या दुकानात दोन ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर दिली.

पॉवर: प्रायमरी (आत येणारी बाजू) २३०, सेकंडरी (बाहेर देणारी) २७५-०-२७५ व्होल्ट ८० मिलिअँपिअर, ६.३ व्होल्ट २ अँपिअर (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरसाठी), ५ व्होल्ट २ अँपिअर (५वाय३ च्या फिलामेंटसाठी). प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याचा एक उघडा वेढा, शील्ड म्हणून. त्याची टोके एकमेकांना जोडायची नाहीत. जोडली की तो शॉर्ट झालेला एक टर्न होतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो.

आउटपुट: प्रायमरी ५०००, सेकंडरी ८ ओहम. इंपीडन्सचे गुणोत्तर ६२५, म्हणजे टर्नचे (वेढ्यांचे) त्याचे वर्गमूळ, २५. मधली जीभ २५ मिमी आणि थर ३२ मिमी असलेल्या स्टॅम्पिंगवर (लोखंडी पत्र्यांच्या कोअरवर) प्रायमरी २५०० टर्न, ३६ गेज. सेकंडरी १०० टर्न, २० गेज. आधी निम्मी प्रायमरी, मग पूर्ण सेकंडरी, वर उरलेली प्रायमरी. असे दोन पदरांत विभागले की वरच्या पट्टीतला आवाज मरत नाही. कागदावर ठळक लिहून दिले: एअर गॅप (कोअरमध्ये मुद्दाम सोडलेली फट) हवा, व्हार्निश नको. व्हार्निश चाचणीनंतर करू. एकदा वाळले की स्टॅम्पिंग सोडवणे म्हणजे छिन्नी-हातोड्याचे काम.

दिवाळीनंतर मिळतील.

२० ऑक्टोबर

चेसिस: १.६ मिमी अ‍ॅल्युमिनियम, ३०० × १५० × ६० मिमी. सॉकेट हातात असल्याशिवाय भोके पाडू नयेत. एकाच नावाच्या ऑक्टल सॉकेटमध्ये दोन-तीन मिमीचा फरक निघतो.

मांडणी डावीकडून उजवीकडे: इनपुट जॅक, १२एएक्स७, ६व्ही६, ५वाय३, पॉवर ट्रान्सफॉर्मर. मेन्स आणि इनपुट दोन टोकांना. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची जागा मात्र मोकळी सोडली आहे. ती कानाने ठरवायची.

१० नोव्हेंबर

ट्रान्सफॉर्मर आले. पॉवर ट्रान्सफॉर्मर सिरीज बोर्डवर, म्हणजे मेन्सच्या वाटेत जोडलेल्या ६० वॅटच्या बल्बमधून, चालू केला. बल्ब क्षणभर चमकून विझला, म्हणजे शॉर्ट नाही. मग थेट मेन्सवर रिकामा मोजला: २९०-०-२९०, ६.८ आणि ५.४ व्होल्ट. लोड लागला की ते खाली येतील.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरची टर्न-चाचणी: हीटरचे ६.८ व्होल्ट सेकंडरीला दिले, प्रायमरीवर १६९ व्होल्ट आले. गुणोत्तर २५ च्या जवळ. प्रायमरीचा डीसी रेझिस्टन्स २५० ओहम. ही चाचणी साधी वाटते, पण त्या उघड्या टोकांवर १६९ व्होल्ट असतात हे हाताला विसरू देऊ नका.

आता जागा. पॉवर ट्रान्सफॉर्मर चेसिसवर पक्का करून चालू केला. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन लावला आणि तो सुटाच चेसिसवर फिरवला. दोन्हींच्या पट्ट्या समांतर असताना ५० हर्ट्‌झची घरघर स्पष्ट. ९० अंशांत वळवल्यावर जवळपास नाहीशी. आणखी ४ सेंमी डावीकडे सरकवला तेव्हा पूर्ण शांत. पेन्सिलने खूण केली, मग भोके पाडली. भोके आधी पाडणाऱ्यांना पुढे ही घरघर फिल्टरमध्ये शोधत बसावे लागते, आणि ती तिथे नसतेच.

१७ नोव्हेंबर

वायरिंग. क्रम असा:

मेन्स: फेज आधी फ्यूजला, मग स्विचला, मग प्रायमरीला. अर्थिंगची हिरवी तार स्वतंत्र बोल्टवर, स्टार वॉशरसह, आणि त्या बोल्टवर दुसरे काहीही नाही. घरातल्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का ते मीटरने पाहावे: फेज ते अर्थ २३० च्या आसपास, न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. तिसरे भोक असते म्हणून त्यामागे तार असतेच असे नाही. गिटारच्या तारा चेसिसला जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याची बोटे त्या तारांवर असतात, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

हीटर: दोन तारा घट्ट पिळून चेसिसच्या कोपऱ्याला चिकटवून. ६व्ही६ ला पिन २ आणि ७. १२एएक्स७ ला पिन ४ आणि ५ एकत्र करून एक तार, पिन ९ ला दुसरी. हीटरच्या दोन्ही तारांवरून १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टर, आणि त्यांचा मधला सांधा जमिनीला (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या टोकाला) न देता ६व्ही६ च्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला), पिन ८ ला. त्यामुळे हीटर जमिनीच्या वर पंधरा-सोळा व्होल्टांवर बसतो आणि १२एएक्स७ मध्ये हीटरकडून कॅथोडकडे होणारी गळती थांबते. फुकटात मिळणारी शांतता.

एचटी (प्लेटना लागणारा उच्च डीसी व्होल्टेज): ५वाय३ चे पिन ४ आणि ६ ला २७५ ची टोके, पिन २ आणि ८ ला ५ व्होल्ट, पिन ८ वरून एचटी बाहेर. पहिला कपॅसिटर २२ मायक्रोफॅरड. इथे शंभर लावण्याचा मोह होतो. मोठा कपॅसिटर भरताना करंटचे जे झटके बसतात ते ५वाय३ ला सोसत नाहीत. पुढे १०के २ वॅट, २२ मायक्रोफॅरड, मग २२के, १० मायक्रोफॅरड. पहिल्या कपॅसिटरवर २२०के २ वॅटचा ब्लीडर. बंद केल्यावर मिनिटभरात व्होल्टेज उतरते. तरी चेसिसमध्ये बोट घालण्याआधी दर वेळी मीटर लावायचाच.

ऑडिओ: इनपुटला ६८के आणि १ मेग. दोन्ही ट्रायोडना (१२एएक्स७ मधल्या दोन वर्धक अर्ध्यांना) प्लेट रेझिस्टर १००के, कॅथोड १.५के, पहिल्या कॅथोडवर २२ मायक्रोफॅरड, दुसऱ्यावर काही नाही कारण फीडबॅक (आउटपुटचा मागे परत दिलेला थोडा भाग) तिथे यायचा आहे. ६व्ही६ ला ग्रिड लीक (ग्रिडपासून जमिनीपर्यंतचा रेझिस्टर) २२०के, कॅथोड ४७० ओहम ५ वॅट आणि २२ मायक्रोफॅरड ५० व्होल्ट. फीडबॅकची २२के तार सध्या सोडून ठेवली.

२४ नोव्हेंबर

पहिली चालू. टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्पा १०० वॅटच्या बल्बमधून आणि स्पीकरच्या जागी ८ ओहम १० वॅटचा वायरवाउंड. आउटपुट उघडा ठेवून हा अ‍ॅम्प कधीही चालवू नये. प्रायमरीवर उलटा उसळणारा व्होल्टेज इन्सुलेशन फोडतो.

आधी रेक्टिफायर न लावता फक्त बाकीचे दोन व्हॉल्व्ह: हीटर पेटले. मग फक्त रेक्टिफायर: एचटी चारशे व्होल्टांच्या पुढे गेली, कारण ओढणारे कोणी नाही. कपॅसिटर ३५० चे न घेता ४५० व्होल्टचे का, ते इथे कळते. मग तिन्ही, बल्ब काढून, थेट मेन्सवर. दहा मिनिटांनंतरचे आकडे:

पहिला कपॅसिटर ३०५ व्होल्ट, दुसरा २६६, तिसरा २३३. ६व्ही६ ची प्लेट २९७, कॅथोड १६.०, ग्रिड शून्य. १२एएक्स७ च्या प्लेट १५५ आणि १५४, कॅथोड १.१७. हीटर ६.४.

कॅथोडचे १६ व्होल्ट भागिले ४७० ओहम म्हणजे ३४ मिलिअँपिअर. त्यातले अडीचच्या आसपास स्क्रीनचे (६व्ही६ च्या दुसऱ्या जाळीचे), प्लेटचे साडेएकतीस. प्लेटवरचा खर्च ८.९ वॅट, ६व्ही६जीटी ची मर्यादा १२. ग्रिडवर शून्य आहे, म्हणजे कपलिंग कपॅसिटर कोरडा ठणठणीत.

स्पीकर लावला. आवाज आला, आणि त्याच्याबरोबर भणभणही.

१ डिसेंबर

भणभणीचा दिवस.

५० हर्ट्‌झ आणि १०० हर्ट्‌झ यांत फरक करायला कान लवकर शिकतो. ५० ची घरघर गोल असते, पंख्यासारखी. ती हीटरकडून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येते. १०० ची भणभण टोकदार असते, पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखी, ती रेक्टिफायरनंतरची. इथे होती ती दुसरी. स्पीकरवर ६० मिलिव्होल्ट, व्हॉल्यूम शून्यावर.

शोध मागून पुढे. १२एएक्स७ काढला: १३ मिलिव्होल्ट. म्हणजे ६व्ही६ आणि एचटीचा वाटा तेवढाच, बाकीचे १२एएक्स७ मधून येते. व्हॉल्व्ह परत लावून बटण शून्यापासून दहापर्यंत फिरवले, भणभण बदलली नाही. म्हणजे ती पॉटच्या नंतर शिरते, दुसऱ्या ट्रायोडमध्ये. तिसऱ्या कपॅसिटरला आणखी २२ मायक्रोफॅरड चिकटवला, फरक शून्य. म्हणजे एचटीतून नाही. उरली जमीन.

चूक सापडली. २७५-०-२७५ ची मधली तार जवळ पडते म्हणून चेसिसच्या बोल्टवर दिली होती आणि पहिल्या कपॅसिटरचे निगेटिव्ह टोक वेगळ्या बोल्टवर, १२ सेंमी लांब. नकाशात दोन्हींना जमिनीचीच खूण आहे. प्रत्यक्षात पहिला कपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा झटक्याने भरतो आणि ते झटके त्या १२ सेंमी पत्र्यातून परत जातात. पत्र्याचा आणि बोल्टचा रेझिस्टन्स नगण्य, पण दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडची जमीन त्याच वाटेवर होती, आणि तिला मिळालेले काही मिलिव्होल्ट पुढे वाढूनच बाहेर पडतात.

दुरुस्ती: मधली तार सरळ पहिल्या कपॅसिटरच्या निगेटिव्हवर. तिथून १८ गेजच्या नागड्या तांब्याच्या तारेची जमीन-पट्टी, या क्रमाने: पहिला कपॅसिटर, ६व्ही६ चा कॅथोड आणि स्पीकर, दुसरा कपॅसिटर, तिसरा कपॅसिटर, १२एएक्स७ चे कॅथोड, पॉट, इनपुट जॅक. चेसिसला स्पर्श एकदाच, इनपुट जॅकपाशी. दोन्ही जॅक फायबर वॉशरवर, नाहीतर ते पाठीमागून दुसरा स्पर्श करतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

मोजले: १४ मिलिव्होल्ट. एकही भाग बदललेला नाही.

८ डिसेंबर

फीडबॅकची २२के तार स्पीकरच्या टोकावरून दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला जोडली. चालू करताच कान फाटेल असा हंबरडा. घाबरायचे नाही, लगेच बंद करायचे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर दिशा लिहिलेली नव्हती, त्यामुळे पन्नास टक्के शक्यता ही होतीच. प्रायमरीची दोन टोके अदलाबदल केली आणि फीडबॅक खरोखर निगेटिव्ह झाला. तपासणी: ४०० हर्ट्‌झला त्याच इनपुटवर आउटपुट २ व्होल्टचे ०.८५ झाले. भणभण ७ मिलिव्होल्टवर आली. हातभर अंतरावर ऐकू येत नाही.

अदलाबदल सेकंडरीची करूनही चालते, पण मग सेकंडरीचे कोणते टोक जमिनीला हे बदलते. प्रायमरी सोपी.

१५ डिसेंबर

गिटार लावल्यावर दोन तक्रारी. खालची ई तार जोरात वाजवली की आवाज फाटतो, तेही बटण तीनवर असताना. आणि बटण आठच्या पुढे नेले की सगळाच आवाज वाळूत घोळल्यासारखा.

पहिली तक्रार. ८ ओहमच्या लोडवर ऑसिलोस्कोप लावला. १ किलोहर्ट्‌झला ४.३ व्होल्टपर्यंत साइन वेव्ह स्वच्छ; १०० हर्ट्‌झला १.८ व्होल्टलाच तिचे एक टोक चिमटले. फक्त खालच्या सुरात आणि एकाच बाजूने. हे लक्षण कोअर सॅच्युरेट होत असल्याचे, म्हणजे तिच्यात आणखी चुंबकत्व मावत नसल्याचे. ट्रान्सफॉर्मरची पट्टी सोडवली: ई आणि आय या अक्षरांच्या आकाराच्या लोखंडी पट्ट्या एकाआड एक उलटसुलट भरलेल्या होत्या, पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्ये भरतात तशा. हाताला तीच सवय असते. कागदावर लिहिलेले असले तरी हात सवयीनेच चालतो. असे भरले की गॅप उरतच नाही. पॉवर ट्रान्सफॉर्मरला ते योग्य, कारण त्यात डीसी नसतो. इथे प्रायमरीतून बत्तीस मिलिअँपिअर डीसी सतत एकाच दिशेने वाहतो आणि कोअर आधीच अर्धी भरलेली असते.

टर्न-चाचणी आणि रेझिस्टन्स दोन्ही बरोबर आले होते, कारण त्या दोन्हींत डीसी नाही.

सगळ्या ई एका बाजूने, सगळ्या आय दुसऱ्या बाजूने भरल्या, मध्ये झेरॉक्सचा कागद एक पदर, साधारण ०.१ मिमी, तिन्ही दांड्यांवर. चुंबकीय वाटेत तो दोनदा येतो, म्हणजे गॅप ०.२ मिमी. पट्टी घट्ट आवळली. सैल राहिली तर ट्रान्सफॉर्मर स्वतःच गातो. १०० हर्ट्‌झला आता ४.१ व्होल्ट स्वच्छ. व्हार्निश नव्हते म्हणून हे सगळे अर्ध्या तासात झाले.

दुसरी तक्रार. इनपुट शॉर्ट करून बटण फिरवले आणि ६व्ही६ च्या कॅथोडवर मीटर धरला. सातपर्यंत १६ व्होल्ट स्थिर, आठला एकदम १९. सिग्नल नसताना कॅथोड हलत असेल तर अ‍ॅम्प कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर ऑसिलेट करतो आहे. कारण डोळ्यांसमोर होते: ६व्ही६ च्या प्लेटची निळी तार पॉटच्या मधल्या टोकाच्या तारेला खेटून गेली होती. मधले टोक म्हणजे दुसऱ्या ट्रायोडची ग्रिड. तिथपासून ६व्ही६ च्या प्लेटपर्यंत सिग्नल दोनदा उलटतो, म्हणजे सुलटा होतो. दोन तारांमधला दीडदोन पिकोफॅरड पॉझिटिव्ह फीडबॅकला पुरतो. निळी तार चेसिसच्या मागच्या कडेने नेली, पॉटची तार शील्ड केली (जाळी एकाच टोकाला, पॉटच्या बाजूला जोडलेली) आणि ६व्ही६ च्या पिन ५ वरच १.५के चा ग्रिड स्टॉपर (ऑसिलेशन रोखणारा रेझिस्टर) डाखला. स्टॉपर बोर्डवर ठेवून तिथून तार आणली तर त्याचा उपयोग नाही. दहावरही १६ व्होल्ट स्थिर.

२२ डिसेंबर

ताकद. ४.३ व्होल्ट ८ ओहमवर म्हणजे २.३ वॅट. या सर्किटचे 'पाच वॅट' सगळीकडे लिहिलेले असतात, पण ते जास्त एचटी आणि जास्त करंटचे, बरीचशी विकृती धरून. आपल्या एचटीला मर्यादा करंटची आहे: साडेएकतीस मिलिअँपिअर ५००० ओहमवर पूर्ण झुलवले तरी प्रायमरीत अडीच वॅटच होतात. व्होल्टेज शिल्लक राहते, करंट आधी संपतो.

कॅथोडचा ४७० बदलून ३३० ओहम केला. कॅथोड १३.६ व्होल्ट, ४१ मिलिअँपिअर, प्लेटचे ३८. एचटी २९९ वर उतरली, प्लेट २८९. खर्च साडेदहा वॅट, अजून मर्यादेत. अंधारात पाहिले, प्लेटवर लाली नाही. आउटपुट ५.० व्होल्ट, ३.१ वॅट. खोलीत शेजाऱ्यांना कळायला एवढे पुष्कळ.

पहिल्या कॅथोडचा २२ मायक्रोफॅरड काढून ०.६८ लावून पाहिला. खालचे सूर आटले, मधले पुढे आले. सिंगल कॉइल पिकअपला (गिटारमधल्या एका वेटोळ्याच्या) बरे, हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या) त्याहून बरे. कपॅसिटर अजिबात न लावता गेन साधारण निम्मा होतो आणि अ‍ॅम्प उशिरा फाटतो. छोटा टॉगल स्विच बसवून २२ आणि ०.६८ दोन्ही ठेवले. स्विचच्या वेळी टप्प आवाज येऊ नये म्हणून ०.६८ कायम जोडलेला, २२ वरून जोडला-तोडला जातो, आणि तुटलेला असताना १ मेगमधून भरलेला राहतो.

२९ डिसेंबर

आउटपुट ट्रान्सफॉर्मर व्हार्निशसाठी परत दिला. या वेळी गॅपच्या कागदासकट पट्टी आवळून, वर चिकटपट्टी लावून: उघडायचे नाही.

१२एएक्स७ पेन्सिलने टकटकवले की त्यांतला एक घंटीसारखा वाजतो. तो स्पीकरच्या पेटीत चालणार नाही, बाजूला काढला. पेटी १० इंची स्पीकरसाठी, चेसिस वर उलटा टांगलेला. ६व्ही६ आणि ५वाय३ च्या वर १० मिमी जाळीची फट हवी. ५वाय३ चा फिलामेंटच १० वॅट खातो आणि तो सगळा ताप वर जातो. बंद पेटीत पहिले सुकतात ते शेजारचे इलेक्ट्रोलिटिक, म्हणून पहिला २२ मायक्रोफॅरड ६व्ही६ च्या जवळून काढून चेसिसच्या थंड टोकाला हलवायचा आहे. हलवताना मधली तारही त्याच्याबरोबर.